ज्या गावाची ओळच नव्हती

आमच्या कार्यालयातल्या शिपाईबाईंची मुलगी रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गेली होती आणि ती कोणत्या गावात आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मुलीला पाचवा महिना होता.

बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. झाडीपट्टीत वाटत नाही. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, तयार झाले की ठेकेदाराचा ट्रॅक्टर निघतो. एका गावातून चार बाया, पुढच्या गावातून सहा, अशी ट्रॉली भरत जाते. ज्या शेतकऱ्याच्या बांध्यांत चिखलणी झाली आहे त्याच्या गावी सगळ्यांना उतरवतात. बाया तिथेच राहतात. शाळेच्या ओट्यावर नाहीतर समाजमंदिरात झोपतात, एकत्र शिजवतात, दिवसभर वाकून रोवतात. तिथलं संपलं की ट्रॅक्टर पुढच्या गावी. कुठे जाणार हे घरचे विचारत नाहीत, कारण ट्रॉलीत चढताना तिलाही ते माहीत नसतं. ‘टॅक्टरवर गेली’ एवढा पत्ता पुरतो.

बाईंनी मुलगी नागभीडच्या पुढे दिली होती. जावई आंध्रात बांधकामावर. रोवणी झाली की आठ दिवस माहेरी येते असा निरोप देऊन ती गेली ती आलीच नाही. त्या दिवशी सकाळी बाईंनी कार्यालयातून मुलीच्या सासरच्या किराणा दुकानात फोन लावला. विहीणबाई फोनवर आल्या आणि म्हणाल्या, येईन तुमची पोरगी, काम लांबलं असन. फोन ठेवून बाई माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर येऊन बसल्या. चहाचं आधण राहिलं.

“मॅडम, मले कसंतरी होऊन राह्यलं,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग रजा टाका आणि जा.

“जाऊ, पण कुठी जाऊ?”

मी की-बोर्ड पुढे ओढला, कारण साहेबांना दुपारपर्यंत यादी हवी होती.

ते कार्यालय कुठलं, ते लिहीत नाही. काम तापाचं होतं. नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. पावसाळ्यात आमच्या जंगलपट्ट्यात मलेरिया ठरलेला. आरोग्य सेवक घरोघर फिरून ताप आलेल्यांचं बोट टोचायचे, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून ती पट्टी आमच्याकडे पाठवायचे. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जायची आणि तिचा तपशील माझ्या संगणकात: नाव, गाव, वय, बाई की पुरुष, तारीख, मलेरिया आहे की नाही, असल्यास साधा की फाल्सिपेरम. फाल्सिपेरम म्हणजे मेंदूत जाणारा. त्यात धडधाकट माणूसही बघता बघता जातो. पोटुशी बाई तर आणखी लवकर.

संगणकावर फॉक्सप्रो होतं, म्हणजे नोंदींचे तक्ते ठेवायचा प्रोग्रॅम. टंकलेखकाची जागा रद्द होणार असं कानावर आल्यावर मी चंद्रपुरातल्या एका क्लासला जाऊन ते शिकले होते. आवडीचा प्रश्न नव्हता. पण त्यातली एक गोष्ट मला पहिल्या दिवशीच समजली, कारण मी निवडणुकीच्या मतमोजणीला बसलेली होते. पेटी उलटी करायची, चिठ्ठ्यांचे चिन्हाप्रमाणे ढीग लावायचे, मग एकेक ढीग मोजायचा. ढीग कशाप्रमाणे लावायचे ते सांगायचं म्हणजे ‘ग्रुप बाय’. ढिगाचं काय करायचं ते सांगायचं म्हणजे ‘काउंट’, ‘सम’, ‘ॲव्हरेज’. आणि लहान ढीग बाजूला काढायचे असतील तर ‘हॅविंग’. हजारो ओळींतून घोटभर यादी निघते. साहेबांना ती घोटभर यादीच हवी असे. मूळ ओळी कोणी पाहत नसे. खरं तर मीही नाही, भरताना हातांनी पाहिल्या तेवढ्याच.

त्या दिवशी फवारणीचं एकच पथक शिल्लक होतं. बाकीची सिरोंच्याकडे उसनी दिलेली, आणि पुराने रस्ता तुटल्यामुळे तिकडेच अडकलेली. पथक म्हणजे एक जीप, पंपवाले मजूर, औषधांची पेटी आणि सोबत आमचे प्रयोगशाळेतले भाई. पथक जिथे जाईल तिथे औषध जाईल, बोटं टोचली जातील, गंभीर माणूस असला तर त्याला उचलून आणायला जीप असेल. बाकीच्या गावांनी पुढच्या आठवड्याची वाट पाहायची. जीप दुपारीच निघणार होती. आणि तीनला आमच्याकडे भारनियमन. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होत होती, पण तिच्यावर आमचा हक्क नव्हता.

मी पहिली यादी काढली. गावाप्रमाणे ढीग, प्रत्येक ढिगात मलेरियाचे किती, मोठा आकडा वर. रस्त्याला लागून असलेलं एक मोठं गाव पहिलं आलं. साहेबांनी त्यावर पेन्सिलने गोल केला आणि म्हणाले, झालं, आदेश टाइप करा.

मी थांबले. त्या गावचा आरोग्य सेवक मला माहीत होता. शिंकणाऱ्याचंही बोट टोचणारा माणूस. त्याच्या पट्ट्या सगळ्यात जास्त यायच्या, म्हणून त्यात मलेरियाही सगळ्यात जास्त सापडायचा. मी साहेबांना ते सांगितलं.

“म्हणजे तो काम करतो म्हणून त्याचं गाव मागं ठेवू?” साहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना वर उत्तर द्यावं लागे, आणि वरचे लोक पहिली ओळ वाचून फोन करत.

मी म्हटलं, नुसती मोजणी नको, प्रमाण काढते. मलेरियाच्या पट्ट्यांची बेरीज भागिले एकूण पट्ट्या. दुसरी यादी निघाली. आता वरती भलतीच लहान गावं आली, पुढे शंभर टक्के. पाहिलं तर कुठे एकच पट्टी आलेली आणि तीच मलेरियाची, कुठे दोन आणि दोन्ही. साहेब हसले. एका माणसासाठी पथक पाठवू काय, असं म्हणाले. मग मी अट घातली, की निदान दहा पट्ट्या असतील तीच गावं धर. ‘हॅविंग’ लावल्याबरोबर ती सगळी लहान गावं यादीतून गळाली, आणि उरलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच. जिल्ह्याची सरासरी काढली तर ती मागच्या आठवड्याइतकीच. सरासरीत आमचा जिल्हा ठणठणीत होता.

“बघा,” साहेब म्हणाले, “फिरून तिथंच. पहिली यादी बरोबर होती.” आणि ते त्यांच्या खोलीत गेले.

मी आदेश टाइप करायला घेतला. बाई अजून स्टुलावर होत्या. त्यांनी मला विचारलं, मॅडम, पोलिसात सांगतलं तर शोधतीन काय. मी म्हटलं, रोवणीला गेलेली बाई हरवली असं कोणी लिहून घेणार नाही. खरं तेच सांगितलं. त्या उठल्या आणि कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भाई काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन आत आले. भाई चंद्रपूरचेच. त्यांच्या घरात तीन पिढ्या घड्याळं दुरुस्त करण्याचा धंदा. एक डोळा मिटून पाहायची सवय वडिलोपार्जित, असं ते स्वतःच सांगत. संगणकाशी त्यांचं जमत नसे. तुमच्या डब्याला ताप चढला तर मला सांगा, मी टोचतो, असं रोज एकदा तरी म्हणत. आज म्हणाले नाहीत. ट्रे टेबलावर ठेवून म्हणाले, “मॅडम, एक बात सांगू? दोन दिवसांपासून फाल्सिपेरम पाहून राह्यलो. अन् पट्टीसंगच्या चिठ्ठ्या पाहतो तर सब लेडीज. माणूस एक नाई.”

मी विचारलं, सगळ्या एकाच गावच्या आहेत का.

“तोच तर प्रॉब्लेम आहे ना. एक या गावची, एक त्या गावची. म्हणून मी काई बोललो नाई.”

आदेश तसाच ठेवून मी नवीन यादी लिहिली. आतापर्यंत मी गावाचे ढीग लावत होते. आता गाव सोडलं. फक्त फाल्सिपेरमच्या ओळी घे, गेल्या पंधरवड्यातल्या, आणि ढीग लाव बाई-पुरुषाप्रमाणे आणि वयाच्या गटाप्रमाणे. एंटर दाबलं. जुना संगणक, हार्ड डिस्क कुरकुरत राहिली. बाहेर पंपवाले जीपमध्ये पेट्या चढवत होते.

भाईंचं बरोबर होतं. पंधरा ते चाळीस वयाच्या बायांचा एक मोठा ढीग, आणि बाकी ढीग नावापुरते. लहान मूल जवळपास नाहीच. गावात डास शिरला तर तो पहिल्यांदा पोरांना धरतो, हे आमच्याकडे दारातल्या वॉचमनलाही माहीत होतं. इथे पोरं नाहीत, म्हातारे नाहीत, पुरुष नाहीत. कामाच्या वयाच्या बाया, आणि त्याही सगळ्या वेगवेगळ्या गावच्या. ज्या लहान गावांना मी ‘हॅविंग’ लावून फेकून दिलं होतं, तीच सगळी गावं. एकेका गावात एकेक पट्टी, कारण एकेका गावातून दोन-चार बायाच गेल्या होत्या.

“रोवणी,” मी म्हणाले.

म्हणायला नको होतं. बाई मागेच उभ्या होत्या. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण भाईंचं तोंड वाचता येत होतं. भाईंनी ट्रे उचलला आणि परत तिथेच ठेवला.

मी साहेबांना हाक मारून बोलावलं. हाक मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आपण उठून खोलीत जायचं. ते आले. मी म्हटलं, या बाया त्यांच्या गावात आजारी पडलेल्या नाहीत. त्या एका ठिकाणी एकत्र झोपल्या, तिथे डास चावले, मग घरी येऊन ताप चढला. सेवकाने विचारलं, गाव कोणतं? त्यांनी घर असलेलं गाव सांगितलं. कोणीही तेच सांगतं. आपल्या तक्त्यात तेच भरलं.

“मग ते ठिकाण कोणतं?”

ते तक्त्यात कुठेच नव्हतं. तसा रकानाच नव्हता. फोन करून विचारावं लागणार होतं.

त्या बाया नऊ होत्या. त्यांच्या गावांची आरोग्य केंद्रं मी एकेक करून लावायला घेतली. पहिल्याची रिंग जातच राहिली. दुसऱ्याचा फोन मेलेला. तिसऱ्या ठिकाणी नर्सबाई भेटल्या. त्यांना मी म्हटलं, तुमच्याकडच्या त्या पेशंटला विचारा, ताप यायच्या आधी ती रोवणीला कुठे मुक्कामाला होती. नर्सबाई म्हणाल्या, ती इथेच आहे, सलाईन लावलं आहे, थांबा. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. मग त्या परत आल्या आणि त्यांनी एका गावाचं नाव सांगितलं.

चौथ्या केंद्रानेही तेच नाव सांगितलं. पाचव्याने जरा वेगळं सांगितलं, मग म्हणाले थांबा, आणि पुन्हा विचारून तेच नाव.

ते नाव ऐकताच बाई म्हणाल्या, “त्या तलावाच्या मांगं हाय ते. जंगलाले लागून.” मी त्यांना विचारलं, मुलगी तिथे असेल का. त्यांना माहीत नव्हतं. पण त्यांनी पदर खोचला आणि बाहेर जीपपाशी जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी अजून काही ठरवलं नव्हतं.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

साहेबांनी माझ्या पहिल्या यादीवर बोट फिरवायला सुरुवात केली. वरून खालपर्यंत, मग पान उलटून. ते गाव सापडेना. मग म्हणाले, “मॅडम, इथं एक केस नाही. गावाचं नावसुद्धा नाही यादीत. आणि तुम्ही म्हणता सगळा ताप तिथून येतो.”

मी संगणकात शोधलं. त्या गावाची एक पट्टी नव्हती. त्या महिन्यात नाही, मागच्या महिन्यात नाही.

आणि तेव्हा मला समजलं की इतके महिने मी काय छापत होते. मतमोजणीच्या तक्त्यावर उमेदवारांची नावं आधीच छापलेली असतात. ज्याला एकही मत पडलं नाही त्याच्यासमोर शून्य येतं, आणि निदान त्याचं नाव तरी दिसतं. ‘ग्रुप बाय’ला उमेदवारांची यादी माहीतच नसते. तो पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या पाहतो आणि त्यांचेच ढीग लावतो. ज्या गावातून चिठ्ठीच आली नाही त्याचा ढीग लागत नाही, शून्यही येत नाही, ओळच तयार होत नाही. पाहणाऱ्याला वाटतं तिथे सगळं ठीक आहे. खरं तर पाहणाऱ्याला काहीच वाटत नाही, कारण ते गाव त्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

मी दुसऱ्या तक्त्यातून, जिथे सगळ्या गावांची मूळ नावं होती, अशी गावं मागवली ज्यांचं नाव काचपट्ट्यांच्या तक्त्यात एकदाही नाही. पडदा भरला आणि पुढे सरकला. त्यात बरीच रिठं होती, म्हणजे नावाची गावं, वस्ती नसलेली. ती सोडली तरी उरली. आणि त्यात ते गाव होतं.

“तिथं सेवक कोण आहे?” मी विचारलं.

साहेबांना पाहावं लागलं नाही. जुन्याची बदली झाली होती, नवा रुजू होऊन लांब रजेवर गेला होता. बोट टोचायला गावात कोणीच नव्हतं.

“शून्य केस असलेल्या गावी पथक पाठवलं तर उद्या मला विचारतील,” साहेब म्हणाले.

“शून्य नाही साहेब. विचारलंच नाही.”

ते म्हणाले, तुमचं म्हणणं मला पटतं, पण मला कागदावर आकडा द्या. फोनवर कोणी काय म्हणालं यावर पथक हलत नाही.

त्यांचा मला राग आला. पण तेवढं मागायचा त्यांना अधिकार होता. मी तक्त्यात एक नवा रकाना घातला आणि त्याला ‘मुक्काम’ नाव दिलं. ज्यांचा पत्ता लागला त्या बायांच्या ओळींत ते गाव भरलं. भाई तोवर दुसऱ्या फोनवरून उरलेली केंद्रं लावत होते. त्यांना आणखी दोन लागली. दोन्हीकडून तेच नाव. उरलेल्या चार बायांचा रकाना रिकामाच राहिला. मग मी ढीग लावले, या वेळी मुक्कामाप्रमाणे.

दोन ओळी आल्या. एक त्या गावाची, पुढे पाच. एक बिननावाची, पुढे चार.

यूपीएस किंचाळायला लागला. वीज गेली होती. प्रिंटर त्याच्यावर नव्हता. छापायची सोय संपली होती, पडद्यासाठी काही मिनिटं होती.

साहेब खुर्चीच्या मागून वाकले. चष्मा वर करून त्यांनी पडदा वाचला. “हे चार कोण?”

“फोन लागला नाही.”

“मग पाचाच्या जोरावर मी तो मोठा आकडा सोडू?”

“पाचातले पाच एका जागचे आहेत साहेब. त्या मोठ्या गावातले फाल्सिपेरम किती, ते विचारा.”

“किती?”

मी तेही काढून दाखवलं. तिथे बहुतेक साधा मलेरिया होता. गोळ्या दिल्या की उतरणारा.

त्यांनी माझ्या हातातला अर्धवट टाइप झालेला आदेश घेतला, गावाचं नाव पेनाने खोडलं, वर दुसरं लिहिलं, बाजूला सही केली. पडद्यावरचे दोन आकडे त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात उतरवले. तेवढ्यात पडदा काळा झाला.

जीपमध्ये बाई आधीच बसल्या होत्या, औषधाच्या पेटीवर. पथकात शिपाई नेण्याची तरतूद नाही, असं साहेब म्हणाले. भाई म्हणाले, साहब, पेटी कोण उचलणार, माझी कंबर पाहा. साहेबांनी कंबर पाहिली नाही. नुसता हात हलवला, आणि जीप निघाली.

मी गेले नाही. माझं काम नव्हतं आणि जीपमध्ये जागाही नव्हती. लोक विचारतात, मग तुम्ही काय केलं. घरी गेले, पोळ्या केल्या, मुलांचे अभ्यास घेतले. कढईत भाजी लागली, एवढंच वेगळं. सारखा एकच हिशोब डोक्यात होता. पाचच बाया, तेही फोनवरच्या सांगण्यावरून. आणि ट्रॅक्टर तिथून पुढच्या गावी गेला असेल तर? तर पथक एका रिकाम्या शाळेच्या ओट्यावर पोचेल, आणि त्या मोठ्या गावात या आठवड्यात कोणी मेलं तर ते माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी चहा मीच केला. साहेबांनी कप घेतला. दर थोड्या वेळाने ते त्यांच्या खोलीच्या दारात येऊन माझ्या टेबलावरच्या फोनकडे पाहत आणि परत जात. फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत, नागभीडच्या एका पीसीओवरून.

“मिळाली,” भाई म्हणाले.

ट्रॅक्टर खरंच पुढे गेला होता. ठेकेदाराने चालत्या-फिरत्या बाया नेल्या आणि तापाने पडलेल्यांना शाळेच्या ओट्यावरच ठेवलं. शेतवाल्याने दुकानातल्या तापाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, त्याच्या हिशेबाने तेवढं पुरेसं होतं. त्यातच बाईंची मुलगी होती. शुद्धीवर नव्हती. जीप तिला आणि आणखी दोघींना घेऊन चंद्रपूरला निघाली होती. भाई आणि पंपवाले मागे थांबले होते. गावातली पोरं कधीपासूनची तापाने फणफणत होती. काही आधीच गेली होती. भाई म्हणाले, “मॅडम, काचपट्ट्या संपल्या माझ्या. आणखी पाठवा.”

त्या दोघींपैकी एक रस्त्यातच गेली. बाईंच्या मुलीला क्विनाइन चढवलं. चार-पाच दिवसांनी तिने डोळे उघडले. पोटातलं मूल वाचलं नाही. मी दवाखान्यात गेले तेव्हा बाई खाटेखाली सतरंजी टाकून बसल्या होत्या आणि मुलीच्या केसांतला चिखल फणीने काढत होत्या. तो तोपर्यंत वाळून दगड झाला होता. मला पाहून त्यांनी स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, “बसा. चहा सांगू काय?” मी नको म्हटलं.

नंतर मी यादीची रीत बदलली. आता आधी सगळ्या गावांची नावं, मग त्यांच्यासमोर पट्ट्यांची मोजणी, आणि ज्यांच्या पट्ट्या आल्याच नाहीत ती गावं सगळ्यात वर. साहेब म्हणाले, यादी चौपट झाली आणि अर्धी शून्यांनी भरलेली, वरचे लोक वाचणार नाहीत. मी म्हटलं, शून्यं आपण वाचू. ते नाही म्हणाले नाहीत. रजेवरच्या सेवकाला त्यांनी आठवड्यात परत बोलावलं. एवढं त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी ते केलं. पट्टीबरोबरच्या चिठ्ठीत मुक्कामाचा रकाना मात्र छापून यायला पुढचा पावसाळा उजाडला. छापखाना शहरात होता, मंजुरी त्याहून लांब.

पुढच्या पावसाळ्यात मुलगी पुन्हा रोवणीला निघाली. बाई मला म्हणाल्या, जावयाचं काम सुटलं, घरी बसून कसं चालन. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि तिच्या सासरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. त्याच किराणा दुकानातून. मागे इंजिनाची घरघर आणि बायांचा गलका.

“मॅडम, हा टॅक्टरवाला गाव सांगत नव्हता. म्हणे, गेल्यावर समजन. मी चाकासमोर उभी राह्यली. तवा सांगतलं.” त्यांनी गावाचं नाव सांगितलं. “पाहा बरं.”

मी पाहिलं. त्या गावाची ओळ होती. मागच्या आठवड्यातल्या पट्ट्या होत्या, बऱ्यापैकी होत्या, एक साधा मलेरिया. मी ते सांगितलं.

“सेवक येते ना तिथी?”

“येतो. पट्ट्या त्याच्याच आहेत.”

त्यांनी फोन तोंडापासून दूर केला असावा, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. “बस वं. पण ताप आला तर पयले फोन करजो, मग रोवजो.” ट्रॅक्टरवाला काहीतरी म्हणाला, बाया हसल्या, कोणीतरी बाईंना बाजूला व्हायला सांगितलं. मग गाडीचा आवाज दूर गेला, आणि दुकानदाराने फोन जागेवर ठेवला.